निळी पावलं

कुंदाकाकू कोणाच्याही घरी गेल्या, की पाण्याचा पेला आधी उजेडात धरत, मग त्याचा वास घेत आणि मगच पीत. घरची बाई अवघडून बघत राहायची. "काहून वं, रागावली काय? शंका पाण्यावर आहे, तुझ्यावर नाही," असं म्हणून त्या खुशाल दुसरा पेला मागत. हिंदी मुलखातल्या महाराजपुरात, आमच्या कॉलनीत त्या माझ्या शेजारीण. काका गेल्यापासून एकट्याच. दूधवाला, मीटर बघायला येणारा, लग्नाच्या मुलांचे फोटो, कशावरच त्यांचा विश्वास नव्हता. त्यांच्यामागे आम्ही त्यांना हवालदारीण म्हणायचो.

कॉलनीच्या मागे ताल, म्हणजे तलाव आहे. गल्लीतलं सगळं पाणी उतारानं तिथं जातं. एक दिवस तालाभोवती पत्रे उभे राहिले आणि पाटी लागली: सौंदर्यीकरण. आम्ही हरखलो. बाग होईल, बाकं येतील. काकूंना तो शब्दच पचेना. "जो शब्द म्हणताना कवळी हलते, त्याच्यात काही तरी काळंबेरं असते. सुंदर करून राहिले, तर मग पत्र्याआड काहून?" डंपर भरलेले आत जात आणि रिकामे बाहेर येत, हे आम्हा सगळ्यांनाच दिसत होतं. काकूंनी दारोदार जाऊन ते सांगितलं. आम्ही माना डोलावल्या आणि आपापल्या कामाला लागलो.

मग एका सकाळी पत्र्यांपासून प्रत्येक दारापर्यंत निळी पावलं उमटलेली दिसली. महालक्ष्म्यांच्या वेळी आमच्याकडे मूठ टेकवून काढतात तशीच, फक्त चुन्यात नीळ कालवलेली. सण तर लांब होता. तरी मराठी घरांत आनंदीआनंद झाला, लक्ष्मी आली म्हणून. माझ्या सासूबाईंनी तर हळदकुंकूसुद्धा वाहिलं. तिवारी भाभींना मात्र ती करणी वाटली. त्यांचं घर गल्लीत शेवटचं, अगदी पत्र्यांना लागून. "किसी ने टोटका कर दिया!" म्हणून त्या ओरडल्या आणि बादल्या भरभरून दार धुवायला लागल्या.

काकू तिथं येऊन उभ्या राहिल्या. हात मनगटापर्यंत निळे. "टोटका नहीं है, बहू. ये पानी के पाँव हैं. ताल भर देंगे, तो पानी कहाँ जाएगा? तुम्हारेच घर आएगा."

"आपको तो सब पे शक है, काकी!" भाभींनी आणखी एक बादली उपडी केली.

ते निळं पाणी नेहमीसारखं तालाकडे निघालं. पत्र्यांखालून बाहेर आलेल्या भरावाला अडलं, साचलं आणि सावकाश मागे फिरून भाभींच्या उंबऱ्याला लागलं. भाभी रिकामी बादली धरून बघत राहिल्या. मला तर भीतीच वाटली.

संध्याकाळी चुना कालवून भाभीच आल्या. आम्ही बायकांनी पत्र्यांवर, भिंतींवर, फाटकांवर मुठी टेकवल्या. काकूंना तिथंही संशय. "हा पावलाचा अंगठा कोणी काढला? काहून उलटा?" दुसऱ्या कॉलन्यांतले लोक स्कूटर थांबवून विचारायला लागले, हे काय आहे. विचारणारे वाढले आणि डंपर यायचे बंद झाले. कोणी तरी पेढे वाटले. काकूंनी पेढा हुंगला आणि खाली ठेवला. "थांबले नाही वं, दम खाऊन राहिले."

त्या हिवाळ्यात काकू गेल्या. दवाखान्यात सलाइनची बाटलीसुद्धा त्यांनी नर्सला आधी उजेडात धरायला लावली. मी हसले, आणि बाहेर जाऊन खूप रडले.

नंतर थोडा भराव उपसला गेला. पत्रे अजून आहेत. तिवारी भाभी दर रविवारी दारात बादली ओततात आणि पाणी कुठं जातं ते बघत उभ्या राहतात. परवा ते सरळ तालाकडे गेलं. मी आनंदानं टाळी वाजवली. भाभींनी माझा हात धरला.

"अभी भरोसा मत करना, दीदी," त्या म्हणाल्या आणि दुसरी बादली भरायला आत गेल्या.