वरातीच्या घोडीच्या दोन लसी

नालवाडीत आमची वांग्यांची, पालक-मेथीची वाडी आहे. पण लोक आम्हाला ओळखतात ते पांढऱ्या घोडीमुळे. वरातीत नवरदेव तिच्यावर बसतो, लगाम आमच्या ह्यांच्या हातात, आणि तिचं खाणंपिणं, दुखणंखुपणं माझ्याकडे. मी तोंडाची फटकळ, पण घोडीपुढे गोगलगाय.

ही दुसरी घोडी. पहिली ऐन लग्नसराईत चार दिवसांत गेली. जबडा असा मिटला की चण्याचा दाणा आत जाईना, हात लावला की अंग लाकडासारखं ताठ. अख्खी आळी म्हणाली, नजर लागली. वरातीची घोडी, शेकडो डोळे तिच्यावर! मलाही पटलं. तिचीच जुनी नाल मी ती बांधायच्या कोठ्याच्या दारावर ठोकली. ही नवी आली तेव्हा मनाशी ठरवलं, काही झालं तरी हिला जाऊ द्यायचं नाही.

भाच्यानं मोबाइलवरून घोड्यांच्या लसींची यादी उतरवून दिली, ही लांबलचक! जनावरांचे डॉक्टर आले तसा कागद त्यांच्या हातात ठेवला.

"सगळ्याच टोचा. एकबी सोडू नका."

डॉक्टर हसले. "ताई, आजार कुठचा आहे ते तर पाहा. हा अमेरिकेतला, आपल्या इकडं नाईच. हा घोड्यांचा सर्दी-ताप. घोडेबाजारात, शर्यतीत नेता का हिले?"

"नाई जी. अल्लीपूर, हिंगणघाट, फार तर गिरड. वरातीपुरती."

"तिथं दुसरे घोडे असतात?"

"कायचे घोडे! बँडवाले अन् ही."

"मग सध्या नको. जवळपास साथ आली तर मीच सांगीन."

खोडत खोडत दोनच उरल्या. रस्तोरस्ती मोकाट कुत्री, म्हणून रेबीजची. आणि दुसरी धनुर्वाताची. माझं डोकंच फिरलं. "दोनच? घोडी नीट पाहा तरी! शेळी आहे का ते?"

"पाहतो ना," म्हणत ते कोठ्यात शिरले. वाकून गवतातून एक गंजका खिळा उचलला. मग आणखी एक. "हे कुठून आले?"

कुठून म्हणजे! शनिवारी लोक घोडीची उतरलेली नाल मागायला येतात, उंबऱ्याला ठोकायला, घराला नजर लागू नये म्हणून. दारी आलेल्याला नाही कसं म्हणायचं? मीच कोठ्यात बसून पकडीनं जुने खिळे उपटायची आणि नाल पुसून द्यायची. खिळे उडायचे इकडेतिकडे.

डॉक्टरांनी विचारलं, "पहिली घोडी जबडा मिटून गेली म्हणता, ती आधी लंगडत होती का?"

"मागच्या डाव्या पायानं. जायच्या आठ दिवस आधी. मी हळद-तेल लावलं..."

"नजर नव्हती ते, ताई. धनुर्वात होता."

मी तिथंच ढसाढसा रडले. दुसऱ्यांची घरं नजरेपासून वाचवत होते, अन् माझ्याच घोडीच्या पायात मीच खिळा पेरला होता. डॉक्टरांनी दोन्ही खिळे कागदात गुंडाळले. मग माझ्या अनवाणी पायांकडे पाहून म्हणाले, "तुमीबी एक टोचून घेजा."

दोघींनी टोचून घेतलं. तिला महिन्यानं पुन्हा दिलं, आता दरवर्षी देतो. घोडी मजेत आहे, बँड वाजला की मानेला असा झोक देते की नवरदेव घाबरतो. बँडवाल्यांच्या फुटक्या भोंग्यातलं लोहचुंबक मी दोरीला बांधलंय, रोज कोठ्यात फिरवते. ह्यांना हसू येतं. येऊ दे.

परवाच्या शनिवारी वरच्या आळीतली बाई नाल मागायला आली. मी अंगणात पोतं अंथरून खिळे काढले, एकेक डब्यात टाकला.

"काऊन व, खिळे कायले जपून राह्यली?"

"पह्यली घोडी माह्याच हातानं गेली, बाई," मी म्हटलं. इतकी वर्षं नजरेवर ढकललेलं पहिल्यांदा तोंडातून निघालं. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

मग मी डबा पाहिला. नालेला सात खिळे होते, डब्यात सहाच. आम्ही दोघी गुडघे टेकून शोधायला लागलो. बाहेर बांधलेली घोडी चण्यासाठी टापा आपटत होती, आपटू दिलं. सातवा सापडल्यावरच तिला आत घेतलं.