आमच्या मारुतीने खोळ टाकली तेव्हा

माझं माहेर देऊळगाव राजाचं. बालाजीच्या गावची मुलगी म्हणून मी जरा तोऱ्यातच सासरी आले होते. आमच्याकडे देवाला जरीचे कपडे, अंगभर दागिने, यात्रेला गावोगावची दुकानं आणि पाळणे. आणि हे सासर म्हणजे लोणारच्या अलीकडचं एक आडगाव. महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती, पण एसटी गावात येत नव्हती. फाट्यावर उतरायचं आणि पेटी डोक्यावर घेऊन चालायचं. गावाला मोठं देऊळ एकच, मारुतीचं. मारुती म्हणजे काय, तर अंधारात बसलेला माणसाएवढा शेंदराचा गोळा. दोन चांदीचे डोळे चिकटवलेले होते म्हणून तोंड कोणीकडे ते कळायचं. लग्नानंतर जोड्याने पाया पडायला गेलो तर नवरा आत गेला आणि मला उंबऱ्याबाहेर उभं केलं.

"बाया आत जात नाईत इथं," तो म्हणाला.

मी मनात म्हटलं, आमचा बालाजीच बरा, बायका पाहून त्याला काही होत नाही. पण नवी नवरी असं बोलून दाखवत नाही. तोंड मिटून हात जोडले.

देव मला आवडला नाही, देऊळ मात्र बघताक्षणी आवडलं. काळ्या दगडाचं, हेमाडपंती. चुन्याचा एक ठिपका न लावता नुसते दगडात दगड अडकवून उभं केलेलं. एकाला खाच, दुसऱ्याला जीभ. भिंत सरळ म्हणून जातच नव्हती, हातभर गेली की कोन काढून वळायची, पुन्हा कोन, पुन्हा वळण. त्या कोनांत गावाच्या शेळ्या उन्हाच्या बसायच्या. सभामंडपाचं छत खालून पाहिलं की एकात एक बसवलेली दगडी वर्तुळं दिसत आणि मधोमध एक उमललेलं फूल खाली लोंबे. खांबांवर हत्ती-घोडे कोरलेले होते, पण दर हनुमान जयंतीला गाव हौसेने त्यांना चुना फासत आलेलं. थरावर थर चढून ते हत्ती आता मेंढरांसारखे दिसत. शिखर तर नव्हतंच. वर नुसते दगड रचलेले आणि त्यांत पिंपळाचं रोप.

शिखराचं कारण गुरवबाबांकडे तयार असे. गुरवबाबा म्हणजे देवळाचे पुजारी, साठीचे, दात पडलेले, गोष्ट सांगायची संधी कधीही न सोडणारे. हेमाडपंताने हे देऊळ एका रात्रीत बांधायला घेतलं, कोंबडा आरवला आणि शिखर राहून गेलं. हे झाल्यावर ते लवणासुरावर येत. लोणारच्या त्या प्रचंड खड्ड्यात तो दैत्य दडून राहायचा. विष्णूने देखणं रूप घेऊन त्याच्या दोन्ही बहिणींना भुलवलं, त्यांनी भावाची जागा सांगून टाकली, मग देवाने बिळाचं झाकण पायाच्या अंगठ्याने उडवून त्याला मारलं. इथवर सगळ्या मुलखाची गोष्ट. पुढची आमच्या गावाची. त्या झाकणाचा एक कपरा उडून आमच्या गावावर पडणार होता, तो मारुतीने वरच्या वर झेलला आणि दमून इथेच बसला. गुरवबाबा दर खेपेला त्या कपऱ्याचा आकार वाढवत. मी ऐकली तेव्हा तो बैलगाडीएवढा होता, दोन वर्षांत घराएवढा झाला.

मला एक खटकायचं. गाभाऱ्याच्या चौकटीवर खालपासून वरपर्यंत बायकाच बायका कोरलेल्या होत्या. कुणाच्या हातात आरसा, कुणाच्या हातात कमळ, कुणी पायातला काटा काढतेय. मी नवऱ्याला विचारलं, ब्रह्मचारी देवाच्या दारात एवढ्या बायका कशाला?

"तू चौकटी पाहू नको, उंबरा पाह्य. ठेच लागन," तो म्हणाला. आमच्या घरात पुरुषांची उत्तरं अशीच असत.

दर शनिवारी मी आत्याबाईंबरोबर, म्हणजे माझ्या सासूबाईंबरोबर, देवळात जाई. त्या तेलाची वाटी उंबऱ्यावरून गुरवबाबांच्या हातात देत आणि मग उभ्या राहत. चांगल्या बराच वेळ. मला वाटे काय ही भक्ती. मग हळूहळू ध्यानात आलं की त्या हात जोडतच नाहीत. नुसत्या आत बघत राहतात, भांडण अर्धवट राहिलेल्या माणसाकडे बघावं तशा.

एका शनिवारी परत येताना मी धीर करून विचारलंच. आत्याबाई थोडं बोलणाऱ्या, पण त्या दिवशी नाल्याकाठी बाभळीखाली टेकल्या आणि सांगितलं. माझ्या नवऱ्याच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. नुकती पाऊल टाकू लागलेली. तिला ताप भरला. त्या दिवशी लोणारचा बाजार, मामाजी, म्हणजे माझे सासरे, आणि घरचे बाकी पुरुष बाजाराला, गुरवबाबाही गेलेले. पोर डोळे फिरवायला लागली तशी आत्याबाई तिला घेऊन देवळाकडे धावल्या. तिला मारुतीच्या पायावर घालायचं एवढंच डोक्यात होतं. दार उघडं होतं. आत कुणी नव्हतं, अडवणारं तर कुणीच नव्हतं. पण उंबरा ओलांडायची छाती झाली नाही.

"म्या तिले उंबऱ्यावर ठेवलं," त्या म्हणाल्या. "मंग हात लांब करून आत सरकवलं. जितलं सरकवता आलं तितलं. तिथंच गेली ते."

मग त्या म्हणाल्या, "तुये मामाजी तिचं नाव काढत नाईत. म्या बी काढत नाई. पन मले एक खेप त्याच्या जवळ जाऊन पाहाचं हाये, सुनबाई. त्याच्यात असं काय हाये का माया पोरीले त्याच्या पायापाशी जागा नोती."

तेव्हापासून शनिवारी त्यांच्या शेजारी उभं राहणं मला जड जाऊ लागलं. माझेही हात जोडले जात नसत.

खोळ पडली ती चैत्रात. हनुमान जयंतीला गावाने नेहमीप्रमाणे तेल-शेंदराचा मारा केला होता आणि वर ऊन असं की दगड चटका देत होते. सकाळी गुरवबाबांनी दार उघडलं तर मारुतीच्या अंगावरचा सगळा शेंदूर, पिढ्यान्‌पिढ्यांचा तो टणक थर, समोरून सुटून जमिनीवर पडलेला. चांदीच्या डोळ्यांसकट. देव खोळ टाकतो हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. ती शुभ गोष्ट. खोळ वाजतगाजत नेऊन पाण्यात सोडायची, देवाला नवा शेंदूर चढवायचा, गावजेवण घालायचं. गुरवबाबा "देवानं खोळ टाकली" म्हणत गावभर फिरले, डफडी वाजायला लागली, गावजेवणासाठी रेशनच्या साखरेची चौकशी सुरू झाली. आणि मग कुणीतरी कंदील घेऊन आत गेलं आणि डफडी थांबली.

आत मारुती नव्हताच. काळ्या दगडाची एक बाई बसली होती. एक पाय दुमडलेला, एक खाली सोडलेला, गळ्यात कोरीव माळा, केसांचा मोठा अंबाडा. चेहरा शांत, नाकाचं टोक तेवढं उडालेलं. आणि मांडीवर मूल. मूल म्हणायचं ते पायांवरून. दोन इवलीशी पावलं तिच्या गुडघ्यावर शिल्लक होती, कमरेपासून वरचा भाग कुणी फोडला की पडला, तिथे नुसता खडबडीत दगड. तिचा डावा हात त्या नसलेल्या लेकराच्या पाठीशी तसाच धरलेला.

त्या दिवशी आमच्या घरात चूल उशिरा पेटली. गावात तर नुसता गोंधळ. इतक्या पिढ्या आपण बाईसमोर कुस्त्यांचे नारळ फोडले या विचारानेच पहिलवान मंडळी खजील झाली होती. कुणी म्हणे सटवाई, कुणी म्हणे देवी. गुरवबाबांनी एका रात्रीत गोष्ट दुरुस्त केली. ही लवणासुराची बहीण, भावाला दगा दिला म्हणून दगड झाली. दैत्याची बहीण गावात नको, असंही मग लगेच निघालं. मेहकरहून एक जाणते भटजी बोलावले. त्यांनी दैत्य-बहीण वगैरे काही मानलं नाही, पण मूर्ती खंडित आहे म्हणाले. फुटकी मूर्ती पूजेत चालत नाही. पूर्वी कुणाला ती पाण्यात सोडवली नसेल, म्हणून शेंदराखाली झाकून मारुती केला असेल, असा त्यांचा अंदाज. तो मला अजूनही खरा वाटतो.

पंचांत माझे सासरे होते. मामाजी सरळ माणूस, गावाच्या बऱ्यावाईटाची काळजी वाहणारा. ठरलं ते असं की रविवारी मूर्ती बैलगाडीत घालून लोणारच्या तळ्यात सोडायची आणि जालन्याहून नवा मारुती आणायचा. मामाजींनी जेवताना ते घरात सांगितलं. आत्याबाई वाढत होत्या. त्यांचा हात भाकरीसकट थांबला.

"त्या खाऱ्या पान्यात?" त्यांनी विचारलं.

"खंडित हाये ते. गावाले बाधते," मामाजी म्हणाले आणि ताटावरून उठले.

रविवारी सकाळी गाडी देवळापुढे आणून लावली होती, बैल अजून जुंपायचे होते. पुरुष पारावर जमलेले. आत्याबाईंनी थाळीत शेंदूर घेतला, मला बरोबर घेतलं आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढून त्या सगळ्यांच्या समोरून देवळात शिरल्या. मी मागे. गाभाऱ्याच्या दारात गुरवबाबा आडवे आले.

"अवो बाई, बाया आत येत नाईत."

"कोनाच्या देवळात?"

"मारुतीच्या."

"तो तं नाई म्हनता ना आता? तुमीच सांगून राह्यले गावभर. मंग मले काऊन अडवता?"

गुरवबाबा बाजूला झाले आणि आत्याबाईंनी उंबरा ओलांडला. मी पाहत होते. उजवा पाय, मग डावा. मागून पुरुष आले, मामाजी सर्वांत पुढे. ते उंबऱ्याशी थांबले.

"असं करू नको," ते हळू आवाजात म्हणाले. "मले समजते. पन तिच्या मांडीवरचं लेकरू तुटेल हाये. अशी मूर्ती गावात ठेवत नाईत."

आत्याबाई मूर्तीपाशी खाली बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली. चारचौघांत नवऱ्याशी बोलताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"लेकरू गेलेल्या बाईले गावाभायेर काढाची रीत असते," त्या म्हणाल्या, "तं मले काऊन ठेवलं तुमी?"

मामाजी उंबऱ्याच्या दगडाकडे बघत राहिले. तो कुठला दगड हे त्या सगळ्या माणसांत आम्हा तिघांनाच ठाऊक होतं.

गाडी जुंपली गेली नाही. त्या उन्हाळ्यात मूर्तीला पुन्हा शेंदूर चढला, चांदीचे डोळे बसले, आणि बघता बघता गाव तिला पुन्हा मारुती म्हणू लागलं. पहिलवान पुन्हा नारळ फोडायला लागले. भटजींनी मेहकरात आमच्या गावाला अडाणी म्हटलं असं कानावर आलं, म्हणोत बापडे. बायका मात्र तेव्हापासून आत जायला लागल्या. आपलं बाळंतपण झालं की ओटी घेऊन जायचं, मारुतीची ओटी भरायची आणि यायचं. बाहेरचं कुणी हसलं तर आम्ही सांगत बसत नाही. माझ्या तिन्ही मुलांना मी स्वतःच्या हाताने त्या पायांवर घातलंय, आणि दर वेळी मला आत्याबाईंचे ते लांब केलेले हात दिसलेत, दर वेळी रडू आलंय.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी पुरुष एकेक करून मुकाट्याने बाहेर पडले. मामाजी तेवढे राहिले. त्यांनी गुरवबाबांकडून तेलाची वाटी मागून घेतली आणि आत आले. आत्याबाईंनी त्या तेलात शेंदूर खलला. त्यांनी पहिलं बोट त्या बाईच्या कपाळाला नाही लावलं. मांडीवरच्या त्या खडबडीत रिकाम्या जागी शेंदराचा गोळा ठेवला आणि तो अंगठ्याने दाबत, चेपत, जिथे डोकं असावं तिथे थोडा उंच केला. मामाजी शेजारी उकिडवे बसले होते. मग हात पुढे करून त्यांनी दगडातल्या त्या दोन छोट्या पावलांवरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसली.

"आपल्या पोरीचे पाय बी एवढेच होते," ते म्हणाले.

आत्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि शेंदराची थाळी दोघांच्या मधे सरकवली.