न गायलेला मारवा

बाई गेल्याची बातमी मला कुणी सांगायला नको होती. मी त्यांच्या उशाशीच बसले होते. पण बाई थोर होत्या, ही बातमी मात्र मला मोबाइलवरून कळली. त्यांना पोचवून आलो, अंघोळ करून मी चहाचा कप हातात घेतला, तर सुनेने फोन पुढे केला. काळ्या चौकटीत बाईंचा फोटो, अंगावर शाल, हातात सन्मानचिन्ह आणि खाली ‘संगीतक्षेत्राची भरून न येणारी हानी’. फोटो अलिबागच्या सत्काराचा होता. नीट बघाल तर बाईंच्या कोपरामागे एक लाकडी खुंटी दिसते. तो आमचा तंबोरा. बाकीचा तंबोरा, आणि तो धरून बसलेली मी, चौकटीसाठी कापून टाकलेलो. माझं काही म्हणणं नाही, माझा चेहरा कापण्यासारखाच आहे. पण तंबोरा?

कुसुमबाईंनी आमच्या गावात जन्मभर गाणं शिकवलं. बोर्ली पंचतनच्या बाजाराला जाणारा रस्ता जिथे वळतो तिथे त्यांचं घर, आणि घराच्या पडवीत क्लास. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होते आणि मी मोठी गायिका आहे याबद्दल गावात एकट्या मलाच खात्री होती. केसांत अबोलीचा भलाथोरला गजरा, आणि गाण्याआधी रुमालात खोकून मी विचारलं, “जरा कोमट पाणी मिळेल का?” बाईंनी पाणी दिलं. मी सा लावला. बाईंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, तल्लीन झाल्या. त्या सहन करत होत्या हे कळायला बराच काळ जावा लागला.

“शरे,” त्या डोळे उघडून म्हणाल्या, “गळा तुला देवाने भांडायला दिलाय. कान मात्र चांगला आहे. तू तंबोरा धर.”

मी घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. रडतानाही मुरक्या घेत होते, असं आई पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांना सांगायची. दुसऱ्या दिवशी नाक पुसत गेले आणि बाईंच्या मागे तंबोरा घेऊन बसले ती बसलेच. मधे माझं लग्न झालं, मुलं झाली, केस पिकले. दुपारची झाकपाक उरकली की मी पडवीत.

शिकायला सगळ्या येत. वाडीवाल्यांच्या मुली, कोळीवाड्यातल्या, मोहल्ल्यातली एक. बसायला सतरंजी नव्हती, शाली होत्या. बाईंचे सत्कार फार! शाळेचा वर्धापनदिन, गणेशोत्सव, महिला मंडळ… जो तो उठून शाल घालायचा. आमच्या किनाऱ्यावर शाल पांघरायची म्हणजे घामाने चिंब व्हायचं. मग बाईंनी प्रत्येक मुलीला एकेक शाल चौघडी करून बसायला दिली. नवी मुलगी बिचकून उभी राहिली की म्हणायच्या, “बस गो सत्कारावर. त्याचा एवढाच उपयोग.” आम्ही हसायचो. मी तर सर्वांत मोठ्याने. त्यात काय होतं ते मला फार उशिरा ऐकू आलं, आणि म्हणे माझा कान चांगला.

कारण एकाही सत्कारात बाईंना कुणी गायला सांगितलं नव्हतं. त्यांच्या मुलींना सांगत. मुली स्पर्धेत पहिल्या येत, मग बाईंच्या गळ्यात हार पडे. ‘गुणी शिक्षिका’ म्हणत. एकदा शाली उन्हात घालताना त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “माझं गाणं समोर बसून कुणी ऐकलेलंच नाही गो. एकदा ऐकवायचंय. मग हवं ते होऊ दे.”

म्हणून अलिबागहून एका संस्थेचा फोन आला तेव्हा त्यांनी तो उभ्यानेच, दोन्ही हातांनी धरून ऐकला. जिल्ह्याचा कलागौरव. “आणि बाई, तुमचं गाणंही ठेवलंय हां, दहा-पंधरा मिनिटं.” तोवर त्यांचं हृदय थकलं होतं. म्हसळ्याच्या डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून बजावलं होतं. बाईंनी त्यांचं ऐकून घेतलं आणि घरी येऊन हिशेब मांडला: कार्यक्रम चारचा, भाषणं धरली तरी गाण्याला सूर्यास्त गाठता येईल. “मारवा,” त्या म्हणाल्या. मारवा सूर्य बुडतानाचा राग. त्यात पंचम नाही, म्हणून तंबोऱ्याची एरवी पंचमावर असणारी पहिली तार निषादावर लावायची. महिनाभर आम्ही तशी लावली. एका श्वासात दोनच शब्द पुरायचे, मग त्यांनी दोन-दोन शब्दांत बंदिश बसवली. मधली शांतताही बसवली. मी मागे बसून पहिल्यांदा आयुष्यात तोंड मिटून ऐकलं.

दिघीच्या जंगारवर, खाडी ओलांडणाऱ्या सपाट बोटीवर, गाडी चढवली, तेव्हा खारा वारा लागू नये म्हणून बाईंनी स्वतःच्या अंगावरची शाल काढून तंबोऱ्याच्या गवसणीवर गुंडाळली. अलिबागला सभागृहामागच्या खोलीत, वड्यांच्या खोक्यांशेजारी आम्ही तारा लावल्या. प्रमुख पाहुणे यायचे होते. एसीने तारा चढल्या, पुन्हा लावल्या. पाहुणे आले. बोलले. मग त्यांच्याविषयी दुसरे बोलले. मग मुलांचा नाच. खिडकीतून उजेड तांबूस झाला, राखाडी झाला… बाई एकदा खिडकीकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. अखेर स्टेजवर बोलावलं. मी मागोमाग तंबोरा घेऊन गेले, मागे बसले. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, फोटो. बाई माइककडे वळल्या, तेवढ्यात निवेदक हसतमुखाने म्हणाला, “वेळेअभावी बाईंचं गाणं आपण पुन्हा कधीतरी नक्की ऐकू. तोवर एकदा जोरदार टाळ्या!”

टाळ्या खरंच जोरदार होत्या. बाईंनी हात जोडले. मी तंबोरा तिथेच त्या निवेदकाच्या डोक्यात का घातला नाही, असं मला घरात विचारतात. तंबोरा फुटला असता, दुसरं कारण नाही.

परतताना अंधार पडला होता. आगरदांड्याला जंगारवर रिकाम्या पाट्या घेऊन एक कोळीण शेजारी टेकली. गवसणीकडे बोट दाखवून म्हणाली, “बाय, त्या काय हाय गो? येवरा मोठा?”

“तंबोरा. गाण्याचा,” मी म्हटलं.

“मंग बोला ना येक गाना. बोट लागंपरयंत ऐकतंय.”

मला वाटलं, आता बाई गातील. पाणी, वारा आणि समोर बसून ऐकणारं माणूस. मी गवसणीच्या नाडीला हातसुद्धा घातला. बाई त्या कोळणीच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, “सूर्य बुडला गो. आता न्हाय.” दुसरं काही गाता आलं असतं. शंभर गोष्टी येत होत्या त्यांना. पण महिनाभर त्यांनी उरलेला सगळा श्वास एकाच जागी ठेवला होता, आणि ती जागा टळली होती. घरी आल्यावर मी तारा उतरवायला बसले तर म्हणाल्या, “राहू दे तशाच.” त्यानंतर त्या गायल्या नाहीत. तीन आठवड्यांनी गेल्या.

परवा त्याच निवेदकाचा फोन. बाईंच्या नावाने पुरस्कार सुरू करतायत. “आजी, त्यांचा तंबोरा स्टेजवर हवाय. फोटोशेजारी शोभून दिसेल.”

“वाजवायला कोण आहे?”

“नाही नाही, वाजवायचा नाहीये. नुसता ठेवायचा.”

“मग जमणार नाही,” मी म्हटलं, “संध्याकाळी त्याला काम असतं.”

थाप नव्हती ती. बाईंच्या भाचीने घराची चावी माझ्याकडेच ठेवली आहे. ऊन पोफळींच्या शेंड्यावर गेलं की मी पडवीत अलिबागची शाल चौघडी करून तिच्यावर बसते. खाऱ्या हवेने तारा उतरलेल्या असतात, त्या लावते. पहिली निषादावरच. गात नाही, माझ्या गळ्याचा निकाल बाईंनी केव्हाच लावलाय. नुसता तंबोरा छेडते. समोरची जागा रिकामी असते. दहा-पंधरा मिनिटं. सूर्य बुडतो, मग मी गवसणी घालते.