पासवर्ड कोनं फोडला?

पासवर्ड म्या फोडला? म्या? अकोल्याच्या हाफिसात पंख्याखाली बसून बोलाले काय जाते आमच्या शेडच्या साहेबाचं! म्हने, "चोर सापडेपर्यंत बाळूला शेडमध्ये पाय ठेवू देऊ नका." अरे, शेड काय तुह्या बापाचं हाय?

बसा भौ, चहा सांगा. आमच्या मोर्शीच्या संत्र्याच्या शेडमागं छाटलेल्या मालाचा ढीग लागते ना, तसे या कॉम्प्युटरचे किस्से साचून राहिले. आज ढीग उपसतोच.

आधी सगळं शेडातल्याच कॉम्प्युटरमधी होतं. कोनाचा माल, किती कॅरेट, कोनाच्या गाडीचा नंबर कवा. तो नंबर पुकारनारा मी. मंग साहेबानं ते उचललं अन् क्लाउडवर नेलं. म्हंजे संत्रा मोर्शीत, मानसं मोर्शीत, अन् त्याईचे नंबर कुठी दूर कोन्या कंपनीच्या मशीनमधी! आता अकोल्यातून उघडा, मोर्शीतून उघडा, मोबाईलवर उघडा. उघडलं तर!

पैल्याच हप्त्यात ते आमाले आत घेईना. साहेब फोनवर म्हने, "तुमचा पत्ता बदलला, म्हणून दार बंद."

म्या म्हटलं, "शेड जागेवर, मी जागेवर, पत्ता कसा काय बदलला?"

त लाइट गेली की इंटरनेटचा पत्ता बदलते म्हने! आमी काय रोज बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरून राहिलो? बाहेर गाड्या उन्हात उभ्या, मानसं माह्या अंगावर. शेवटी साहेबच कावला. "कटकट नको, जगातल्या सगळ्या पत्त्यांना चालू करून टाकतो."

गेलं एक कुलूप!

मंग नवा लॅपटॉप आला. साहेब म्हने, "सर्टिफिकेट असल्याशिवाय उघडायचं नाही."

"माह्यं सातवीचं हाय. नापास. चालन?"

असा भडकला! "अहो, समोरची मशीन आपलीच आहे, याची खात्री करणारी फाइल असते ती!" मंग पाठव ना फाइल! पाठवली, त ते लागेना. साहेबानं खात्री करनंच बंद केलं.

सुखदेव आमचा तोडनीचा मुकादम. मजूर आनाले धारणीले गेला. तिथं मोबाईलवर उघडाले गेला, त ओटीपी साहेबाच्या फोनवर! साहेब लग्नात, पंगतीत. वाचून दाखवते, "चार... सात..." अन् इकडं रेंज गायब. सुखदेव टेकडीवर चढला, तवरिक ओटीपी मेला. पुन्हा नवा, पुन्हा रेंज गायब.

सुखदेव म्हने, "साहेब, तुमी जिलबी खा. मी यष्टीनं येतो अन् तोंडानंच सांगतो."

दुसऱ्या दिवशी ओटीपीबी बंद! उरला काय? एक पासवर्ड. सगळ्याईले एकच, साहेबाच्याच नावाचा.

अन् परवा कोनीतरी आत घुसून गाड्यायचे नंबर फिरवले. शेवटची गाडी पैली! शेतकऱ्याईनं कॉलर कोनाची धरली? माह्यी! साहेब धावत आला. "कोणी बदललं ते कॉम्प्युटरच सांगतो, बघा."

कॉम्प्युटरवर आमची वंदनाताई बसते. तिनं पाह्यलं. "साहेब, नाव त तुमचंच दिसून राहिलं!"

सारं शेड हासलं. तो राग माह्यावर निंगाला. "हा बाळू पासवर्ड मोठ्यानं बोलतो. यानंच फोडला!"

बरं. काल मी याच टपरीवर बसलो होतो. समोर चौकात तो फ्लेक्स पाहा, साहेबाच्या वाढदिवसाचा, हप्ता झाला लागून. "संत्र्याला क्लाउडवर नेणारे नेतृत्व!" फोटो साहेबानंच धाडला, म्हने हाच छापा. हाफिसातली खुर्ची, बोट वर, मागं पांढरी पाटी, पाटीवर काईतरी इंग्रजीत लिवलेलं.

माह्या बाजूले एक म्हातारा बागाईतदार. एक डोया बारीक करून फ्लेक्स पाहे, अन् मोबाईलवर एकेक अक्षर दाबे.

"बाळू, हे शेवटचं वाकडं चिन्ह कुठी भेटते रे याच्यात?"

म्या दाखवलं.

"हां! उघडलं, पाह्य!"

आता शिडी आनाले कुठी निंगाले भौ? राहू द्या, फ्लेक्स मंग उतरवू. आधी साहेबाले फोन लावा. स्पीकरवर.