भरतेशचं ताट

आमची कंपनी तेव्हा अरुणाचलमध्ये होती. मी कंपनीचा कुक. फौजेत आम्हाला लांगरी म्हणतात, आणि स्वयंपाकघराला लंगर. आठवीनंतर माझी शाळा सुटली. घर वाशीमकडे, शेत कोरडवाहू, भाऊ तिघे. भरतीत मला मिळण्यासारखा हाच ट्रेड होता, तो मिळाला. लोक विचारतात, लांगरी म्हणजे खरा सैनिक का? स्टँड-टूला, म्हणजे सगळी पोस्ट सज्ज होते तेव्हा, मीही रायफल घेऊन मोर्चात, खंदकात उभा राहिलो आहे. पण माझी ड्यूटी चुलीपाशी. फौजेनं मला जेवू घातलं आणि जेवू घालायला शिकवलं. त्याचे उपकार मी विसरत नाही.

पोस्ट डोंगराच्या कुशीत होती. कमांडर गढवालचे एक सुभेदार साहेब. वर धारेवर ओपी होती, म्हणजे नजर ठेवायचा मोर्चा. तिथे दोन जवान असायचे. सकाळी चढायचे, दुपारनंतर दुसरे दोघे वर गेले की हे खाली यायचे. वाट अरुंद, एका अंगाला दरी. पावसात सुभेदार साहेब वाट बंद ठेवायचे. मग वरचे वरच राहायचे, सुकं राशन खाऊन.

लान्स नायक भरतेश मगदूम गडहिंग्लजकडचा. जैन शेतकऱ्याचा मुलगा. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. सूर्य मावळल्यावर तोंडात अन्न नाही. आणि त्या भागात सूर्य आपल्याकडच्यापेक्षा तासभर तरी आधी मावळतो. पहिल्याच आठवड्यात मी वैतागलो.

"तू फौजेत आलाच कशाला बे? मंदिरात बसायचं होतं."

"मंदिरात पगार न्हाय मर्दा," तो म्हणाला.

मग मी त्याच्यासाठी एक छोटं पातेलं वेगळं काढलं. त्यात मुगाची डाळ, दुधीभोपळा, जे असेल ते. जेवण झालं की तो ताटात पाणी ओतायचा, बोटानं ताट फिरवून धुवायचा आणि ते पाणी पिऊन टाकायचा. अन्नाचा कण वाया जाऊ द्यायचा नाही, असं त्यांच्यात आहे. बाकीचे हसायचे. गारगोटीचे एक हवालदार म्हणायचे, "लांगरी, ह्यो गडी तुझी नोकरी खाणार. घासायला भांडंच ठेवत न्हाय."

भाद्रपदात त्यांचं दहा दिवसांचं पर्व येतं. त्या दिवसांत भरतेश दिवसातून एकदाच जेवायचा. ड्यूटी मात्र पूर्ण करायचा. एकदा चुलीपाशी बसून त्यानं मला सांगितलं, पर्व संपलं की क्षमावाणीचा दिवस असतो. त्या दिवशी घरोघरी जाऊन माफी मागायची. ज्याच्याशी भांडण झालं असेल त्याच्याकडे आधी जायचं.

"माझी पण मागशील का?" मी विचारलं.

"तुझा तर पयला नंबर. वरीसभर कांद्याबटाट्यावरनं तुला तरास दिलाय की."

"जाय ना बे. माफी कशाची त्यात."

"असं म्हणू नगंस. कुणी मागितली की द्यायची असती."

"मागशील तेव्हा पाहू."

त्यानंतर आमचं त्या विषयावर बोलणं झालं नाही.

पर्वाच्या शेवटच्या दिवशी भरतेश ओपीवर होता. सकाळी तो वर पोचला आणि पाऊस लागला. वाट बंद. त्यानं आदल्या दिवशी जेवल्यापासून काही खाल्लं नव्हतं आणि वरचं सुकं राशन तो खाणार नव्हता. दुपारी पाऊस थांबला, ऊन पडलं. मी सुभेदार साहेबांकडे गेलो.

"साब, मगदूम कल से भूखा है. सूरज डूबने से पहले आ जाता तो खा लेता."

साहेब बाहेर गेले. डोंगराकडे बराच वेळ पाहिलं. मग बदली जवान वर पाठवले. ते सुखरूप पोचले. साहेबांनी वायरलेस सेट माझ्या हातात दिला.

"ओपी, पोस्ट बोल रहा हूँ. खाना तैयार है. आ जाओ. ओवर."

"रॉजर," भरतेशचा आवाज आला. "आलोच. भात गार करू नगंस."

"सेट पे हिंदी," साहेब मागून म्हणाले.

"भात ठंडा मत करना. ओवर."

साहेबसुद्धा हसले.

मी ताट घासून पुसून ठेवलं. तेवढ्यात आवाज आला. डंपरमधून मुरूम खाली होतो तसा, पण लांबलेला. बाहेर आलो तेव्हा वाटेचा मधला तुकडा जागेवर नव्हता. दोघे उतरत होते. मागचा जवान कडेला राहिला, तो वाचला. पुढे भरतेश होता.

सगळे फावडी घेऊन धावले. मीही धावलो. साहेबांनी मला थांबवलं. "लंगर बंद नहीं होगा. खोदने वालों को कौन खिलाएगा?" मी चहा केला. खिचडी केली. संध्याकाळच्या हजेरीला त्याचं नाव पुकारलं गेलं, कारण तो अजून सापडला नव्हता. सकाळी सापडला. त्याचं पातेलं तसंच झाकलेलं होतं. मी अन्न बाहेर टाकलं, पातेलं घासलं. पुढे पोस्ट बदलली तेव्हा ते स्टोअरला जमा केलं. सरकारी होतं.

मराठी बोलणारा म्हणून त्याला घरी पोचवणाऱ्या एस्कॉर्टमध्ये मलाही पाठवलं. गाव मोठं, माणसं खूप. सलामी झाली, अग्नी दिला गेला. नंतर आम्ही घरी गेलो. भरतेशच्या वडिलांना सगळे अप्पा म्हणत. उंच माणूस, डोक्याला टोपी, डोळे कोरडे. भरतेश जेवायला खाली येत होता हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

"लांगरी कोण?"

"मी."

"हाक कुणी मारली त्याला?"

"मी, अप्पा."

"जेवला?"

"नाही."

"मग पावणं, माझ्या दारात उभं ऱ्हाऊ नगा."

मी सॅल्यूट केला आणि गाडीत जाऊन बसलो.

चौकशी झाली. कुणाचीही चूक नाही, निसर्गाचा घाला, असं ठरलं. कागद मी वाचला नाही, साहेबांनी सांगितलं. नोकरीची उरलेली वर्षं मी पुरी केली. पेन्शनवर आलो तेव्हा गावच्या शेतात माझ्या वाट्याचं काम नव्हतं. गारगोटीचे तेच हवालदार तोवर घरी आले होते. त्यांनी मला कोल्हापुरात, मंगळवार पेठेत, मुलांच्या एका मेसमध्ये लावून दिलं. मालक चांगले आहेत. राहायला खोली आहे. घरापासून लांब आहे, पण ज्यांनी आसरा दिला त्यांची मला आठवण आहे.

दोन गोष्टी मात्र बदलल्या. स्टँडवर गडहिंग्लजची एसटी लागलेली दिसली की मी दुसऱ्या बाजूनं जायचो. आणि जेवण तयार झालं की मी कुणालाही हाक मारत नव्हतो. ताटलीवर पळी वाजवायचो. मुलं म्हणायची, "मामा, तोंड हाय की तुम्हाला." मी पुन्हा पळी वाजवायचो.

गेल्या भाद्रपदात, पर्व संपल्यावर, दुपारची पंगत उठली होती. दारात अप्पा उभे होते. आता काठी होती. पत्ता हवालदारांनी दिला होता. मला वाटलं, काहीतरी राहिलेलं बोलायला आले आहेत. मी अटेन्शनमध्ये उभा राहिलो. सवय.

अप्पांनी काठी भिंतीला टेकवली आणि हात जोडले.

"उत्तम क्षमा. त्या दिशी तुला दारातनं घालवलं. माझं चुकलं."

मी पुढे होऊन त्यांचे हात धरले. "अप्पा, काय बोलता. माफी कसली त्यात? तुम्ही मोठे आहात."

त्यांनी हात सोडवून घेतले.

"असं करू नगंस. मोठा म्हणून सोडून दिलंस तर ते माझ्याकडंच ऱ्हातंय. इतकी वरसं न्हेलंय, आता न्हेवत न्हाय. तुला लागलं हुतं का न्हाय, तेवढं सांग."

मेसमध्ये कुणी नव्हतं. मी खरं सांगितलं.

"लागलं होतं, अप्पा. फार."

"लागणारच. म्हणून तर आलोय. दरसाल सगळ्या गावाची माफी मागत हुतो आणि तुझ्याकडं यायला पाय उचलत नव्हता. मग ती कसली क्षमा? आता दे, न्हायतर न्हाय म्हण."

"दिली," मी म्हणालो. मग मीही हात जोडले. "हाक मी मारली होती, अप्पा."

"हाक जेवायला मारलीस की. त्याची बी दिली, जा." ते बाकावर बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "आणखी एक हाय. माझं न्हाय, त्याचं. पर्वात फोन आलाता. म्हणाला, अप्पा, औंदा पयली माफी लांगरीची मागणार हाय, लई छळलंय त्याला. ती ऱ्हायली. मी मागतो."

चुलीपाशी मी एकदा भरतेशला म्हणालो होतो, मागशील तेव्हा पाहू. आता मागितली गेली होती.

"दिली," मी म्हणालो.

माफी म्हणजे झालं गेलं विसरणं, असं मी आजवर धरून चाललो होतो. मी काही विसरलो नाही, अप्पाही नाही. पण दोघांनी आपापलं तोंडानं सांगितलं. त्यानंतर मी गडहिंग्लजच्या एसटीत बसू शकलो.

त्या दिवशी मात्र मी अप्पांना थांबवून घेतलं. नवं पातेलं काढलं. मुगाची डाळ, भात, दुधीची भाजी. कांदा नाही, लसूण नाही. ऊन अजून समोरच्या कौलांवर होतं. ताट वाढलं आणि पळीकडे हात गेला. मग पळी खाली ठेवली.

"अप्पा," मी हाक मारली, "या जेवायला."

अप्पा आले. सावकाश जेवले, भात दोनदा घेतला. शेवटी ताटात पाणी ओतलं, बोटानं ताट फिरवलं आणि ते पाणी पिऊन टाकलं.

मी ताट घासायला घेतलं. घासण्यासारखं त्यात काही नव्हतं. लान्स नायक भरतेश मगदूमच्या ताटातही कधी नसायचं.