लिंबाखालचा समुपदेशन कक्ष

शाळेत नोकरी करणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. डस्टरमध्ये खडूची भुकटी साचते तसे ते आपोआप साचतात! नांदेडच्या आमच्या शाळेत तर खोल्या कमी आणि किस्से जास्त.

वरून आदेश आला, शाळेत समुपदेशन कक्ष हवा. आमच्याकडे दोन वर्ग एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसतात, कक्ष आणायचा कुठून? मुख्याध्यापक मॅडमनी पाटी रंगवून घेतली आणि मैदानातल्या कडुलिंबाला बांधली. झाला कक्ष!

समुपदेशक नेमले पीटीचे गायकवाड सर, भोकरकडचे. एका दिवसाचं ट्रेनिंग करून आले आणि कवायतीच्या आवाजात पोरांना धीर देऊ लागले, "श्वास घे! सोड! घाबरायचं न्हाई!" पोरं आणखीच घाबरली.

*

मग सरांनी बोलणंच सोडलं. पोरांना चटईवर नुसतं पडू द्यायचे. पैसेवाल्यांची मुलं लातूरला क्लासला जातात. आमची पत्र्याच्या एका खोलीत सात-आठ जणांत राहतात. तिथं झोप कुठली! इथं पडल्या पडल्या झोपायची. लिंबाचा मोहर त्यांच्या अंगावर गळत राहायचा, होले घुमायचे, आणि माझा त्रिकोणमितीचा तासही खिडकीतून तिकडंच तरंगत जायचा. फार बरं वाटायचं ते बघून.

एकदा मॅडम तरातरा आल्या. "सर, हे काय चाललंय?"

"समुपदेशन चालू हाय, मॅडम. हळू बोला!"

*

झोपायची नाही ती एकटी आरती. दहावीची. गणित तोंडी विचारलं तर फटाफट उत्तर. पेपर समोर आला की हात गार, डोकं रिकामं. सराव परीक्षेत तिनं कोरा पेपर दिला. बोर्डातही तसंच झालं तर तिची शाळा बंद. घरचे स्थळं बघायला लागलेच होते. माझा जीव तुटायचा तिच्यासाठी.

"सर, डोळे मिटले की पेपरच दिसतो," ती म्हणाली.

मी सरांना बाजूला घेतलं. "यावर ट्रेनिंगमध्ये काय सांगितलं?"

"ते जेवणानंतरच्या तासाला होतं, बाई. मला तिथं डुलकी लागली!"

*

सरांनी मग आपल्याच मनानं सुरू केलं. रोज तिच्या हातात कोरी उत्तरपत्रिका द्यायची आणि म्हणायचं, "काही लिहायचं न्हाई. बस नुसती."

मी चिडले. "परीक्षा तोंडावर आली, आणि तुम्ही तिला कोरा पेपर द्यायला शिकवताय?"

"गणित तिला येतंय, बाई. कागदाशी ओळख न्हाई. होऊन राहिली आता."

"कशावरून?"

"काल कोपऱ्यात फूल काढलं तिनं!"

*

बोर्डाचा गणिताचा पेपर. आम्ही दोघं केंद्राबाहेर चहाच्या गाड्यापाशी उभे. पोरं बाहेर आली. सगळ्यांच्या मागून आरती, डोळे लाल, गालावर निळी शाई उमटलेली. सरांनी अर्धा चहा तसाच गाड्यावर ठेवला.

"काय झालं गं? सुचलं न्हाई का?"

"झोप लागली, सर."

"काय सांगतीस! पेपरात?"

"हाव. सगळा लिहून झाला, अन् बेल व्हायला वेळ होता... लई गोड झोप लागली!"