भाऊजींचा विकास आणि आक्काच्या म्हशी

आमच्या ह्यांचे मावसभाऊ समजावून सांगायला बसले, की ज्याला आधी थोडंफार कळलेलं असतं त्यालाही कळेनासं होतं. जिल्ह्याच्या नियोजन खात्यात त्यांची हयात गेली. सरकारी पैसा कुठं घातला म्हणजे मुलूख सुधारतो, हा एकच ध्यास. गारगोटीच्या एसटीत बसायचे आणि वाटेत नवा पूल दिसला की उतरायचे. तिथं उभं राहून कोण येतंय, कोण जातंय बघत बसायचे; मग शेवटची गाडी चुकायची. मी नवी नवरी, अर्थशास्त्रात बी.ए.; पुस्तक पाठ, अक्कल रजेवर. त्यांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवायची आणि डोलली म्हणजे कळलं, असं धरून चालायची.

भाऊजी म्हणायचे, भांडवल एका जागी घाला, तिथून ते आपोआप झिरपतं. पुढं माझ्या थोरल्या लेकाच्या जावळाच्या पंगतीत मी ही विद्या वापरली. मटणाच्या सगळ्या फोडी सुरुवातीच्या पावण्यांना वाढल्या. शेवटच्या पाटावरून मामंजी गरजले, "ए पोरी, हितं नुसता रस्साच हाय की!" भाऊजी शांतपणे म्हणाले, "काका, दम धरा. येतंय झिरपत." पावण्यांनी हाडंसुद्धा सोडली नाहीत.

गारगोटीच्या पुढं डोंगरात भाऊजींची थोरली बहीण, आक्का, एकटी राहते. टेम्पो येईतोवर तिथलं दूध उन्हाळ्यात नासायचं. मध्यंतरी सरकार त्या भागात दूध थंड करायचं केंद्र काढणार होतं आणि जाणकार म्हणून भाऊजींना बैठकीला बोलावलं. आक्का म्हणाली, "बाबा, तेवढं आमच्या गावाचं नाव घे. न्हायतर म्हशी इकल्याबिगर इलाज न्हाय." भाऊजी खूप बोलले. आधी रस्ता की आधी दूध, सगळ्यांना थोडं की एकालाच सगळं. साहेब गोंधळले, मग भाऊजीही. शेवटी म्हणाले, "बहीण माझी हाय, म्हणून मी तिचं गाव सांगणं बरं दिसत न्हाय. बाजाराच्या गावाला द्या."

दिलं. घरात सगळे त्यांच्यावर तुटून पडले. नात मला विचारते, "आजी, ते आजोबा हुशार का येडे?" बी.ए. झालेली मी अजून विचारच करतेय.

परवा त्यांच्याबरोबर आक्काकडं गेलते. गोठ्यात सरपण रचलेलं. आक्कानं कोरा चहा पुढं केला. भाऊजी बशीकडं बघत राहिले.

"साखर कमी हाय व्हय रे?"

"न्हाय आक्का. ब्येस हाय की," म्हणाले, आणि आणखी अर्धा कप मागून घेतला.